दर रविवारी बसतो, पण गाणं पुढं सरकत नाही

जुळे सोलापुरातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय चव्वेचाळीस, खासगी नोकरी, सुट्टी फक्त रविवारची. स्वतः पेटी वाजवतात. एक तबलजी, एक बासरीवाले, एक गाणारे गृहस्थ आणि गाणाऱ्या एक ताई असा पाच जणांचा गट तीन वर्षांपासून दर रविवारी सकाळी दहाला एका मित्राच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत जमतो. एक-दीड कधी वाजतो कळत नाही. अभंग, भावगीतं मिळून आठ-दहा गाणी "येतात", पण चारचौघांत न अडखळता वाजवता येतील अशी चारच. तबला सारखा उतरतो-चढतो, लय पळते आणि मग कुणामुळं पळाली यावर वाद होतो. पत्नीचं म्हणणं, "महिन्यातले चारही रविवार पेटीचे, घराचा एकही नाही." आता ओळखीच्या मंडळानं गणपतीत तासाभराचा कार्यक्रम करायला सांगितलंय. गटातले दोघं म्हणतात, भिशी उचलून साठ हजारांची साउंड सिस्टीम घेऊ. एकाचं मत, सगळ्यांनी आधी परीक्षा द्याव्यात. पत्रलेखक विचारतात: "वेळच कमी पडतो आहे. शनिवारी संध्याकाळीही बसावं का? की हा नाद आता सोडून द्यावा?"

नमस्कार.

तुमच्या पत्रात "वेळ कमी पडतो" हे वाक्य तीनदा आलं आहे. हिशेब तुमचाच घेऊ. दर रविवारी तीन तास म्हणजे महिन्याला बारा तास, वर्षाला सव्वाशेच्या वर. तीन वर्षांत पावणेचारशे तासांपेक्षा जास्त वेळ पाच माणसांनी एका खोलीत घालवला आणि चार गाणी बसली. शनिवारची संध्याकाळ वाढवली तर सहा बसतील, पण घरातली कुरबुर दुप्पट होईल. त्यामुळं तो पर्याय मी आधीच बाजूला ठेवतो.

अडचण दुसरीकडं आहे. रविवारी तुम्ही चार वेगळी कामं एकाच बैठकीत उरकता: वाद्यं मिळवणं, ज्याला जे येत नाही ते शिकणं, सगळ्यांचं एकत्र जुळवणं आणि गप्पा. यातलं शिकणं हे घरी, एकट्यानं, आठवड्यात करायचं काम आहे. पेटीवर एखादा अंतरा बसत नसेल आणि तो तुम्ही रविवारी बसवायला घेतलात, तर उरलेली चार माणसं पंधरा मिनिटं रिकामी बसतात. मग कुणी फोन काढतो, कुणी चहा ठेवतो, तबलजी उगाच एक कायदा (बोलांची ठरलेली रचना) सुरू करतो. दीड वाजतो तो असा.

तेव्हा रविवार फक्त जुळवणीला ठेवा. सोमवार ते शुक्रवार, कुठलेही चार दिवस, प्रत्येकानं घरी वीस मिनिटं द्यायची. एका दमात ऐंशी मिनिटं बसण्यापेक्षा चार दिवसांत विभागलेली वीस-वीस मिनिटं हाताला जास्त लागतात, कारण मधल्या झोपेत हात ते मुरवतो. तुमच्यापुरतं सांगायचं तर पाच मिनिटं अलंकार (सरगमचे पलटे), तेही दोन पट्ट्यांमध्ये, म्हणजे सा दोन वेगळ्या जागी धरून. दहा मिनिटं अडलेली एकच ओळ. आणि शेवटची पाच मिनिटं फोनवरच्या तबल्याबरोबर तीच ओळ. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचा मोह टाळा. जे येतं तेच परत वाजवून हाताला खोटं समाधान मिळतं. तबलजींनी दहा मिनिटं नुसता ठेका, म्हणजे तालाचे मूळ बोल, धरावा, एकही तुकडा न घेता, मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं ॲप) लावून. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण तुमच्या गटाचा निम्मा तंटा तिथंच मिटेल.

आता तबला. तो "सारखा उतरतो-चढतो" हे तुम्ही तबल्याच्या खोडीसारखं लिहिलंय, पण यात दोष तुमच्या खोलीचा आणि वेळेचा आहे. पुडी म्हणजे कातडं. हवा कोरडी झाली की ते आवळतं आणि स्वर चढतो. दमट झाली की सैल पडतं आणि स्वर उतरतो. सकाळी दहा ते दुपारी एक या वेळात सोलापूरचा पत्रा कसा तापतो हे तुम्हाला सांगायला नको. त्यात उन्हाळ्यात तुम्ही कूलर लावत असणार. कूलर ओली हवा फेकतो. म्हणजे एका बाजूनं पत्रा तबला चढवतोय, दुसऱ्या बाजूनं कूलर उतरवतोय आणि मध्ये बसलेला तबलजी हातोडी घेऊन घाम पुसतोय. कूलरच्या थेट झोतात तबला ठेवू नका, पंख्याखालीही नको. पंख्याचा आणखी एक उपद्रव असा की वारा बासरीच्या फुंकरीच्या भोकावर आडवा आला की आवाज फाटतो.

याहून सोपा उपाय वेळ बदलण्याचा. मार्च ते जून सकाळी सात ते नऊ बसा. त्या वेळी पत्रा इतका तापत नाही, म्हणून एकदा लावलेला तबला जास्त टिकतो. शिवाय साडेनऊला तुम्ही घरी असाल. वहिनींच्या तक्रारीवर हाच खरा उतारा आहे; त्यांना तुमची पेटी नकोय असं पत्रावरून दिसत नाही, त्यांना दुपार हवी आहे. आणि तुमच्या भागात पाण्याची पाळी रविवारी सकाळी आली, तर त्या दिवशीची बैठक सरळ तासभर पुढं ढकला. पेटीसाठी हंडे दुसऱ्यावर टाकून निघालात तर पुढचे तीन रविवार ऐकून घ्यावं लागेल.

तबला लावताना सहसा काय चुकतं? एकाच जागी ठोकत बसणं. पुडीला सोळा घरं, म्हणजे ताणाच्या वादीच्या फेऱ्यांमधल्या जागा, असतात. पहिल्या घराशी स्वर मिळवला की शेजारच्या घराकडं न जाता समोरच्या, म्हणजे नवव्या घराकडं जा. मग पाचव्या, मग तेराव्या. असं समोरासमोर गेलं की ताण सारखा बसतो. स्वर फार खाली असेल तर आधी गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) खाली सारा, थोडाच फरक असेल तर गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हलक्या हातानं हातोडी मारा. गजऱ्यावरच जोर काढत राहिलं की तो एका बाजूला कलतो आणि मग चाटेचा (पुडीच्या काठाचा) आवाज एका घराला एक, दुसऱ्याला दुसरा येतो. पुडी गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवू नका. उन्हात ती कडेनं फाटते आणि नवी चढवण्याचा खर्च अंगावर येतो.

तुमच्या पत्रातली एक ओळ मात्र मला सगळ्यात मोलाची वाटली. तुम्ही जाता जाता लिहिलंय की गृहस्थ काळी एकमध्ये (म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गातात आणि ताई काळी पाचमध्ये, "त्यामुळं दर गाण्याला तबला बदलून लावावा लागतो." तुमचा वेळ गळतोय तो इथं. एकदा तबला लावायला आठ-दहा मिनिटं धरली आणि बैठकीत तो चारदा बदलला, तर अर्ध्या तासाहून जास्त वेळ नुसत्या ठोकण्यात गेला.

ताईंना एक पट्टी खाली, काळी चारमध्ये गाऊन बघायला सांगा. जबरदस्ती नको, गळ्याला खालचा पंचम (प) नीट लागतो का तेवढं दोन-तीन रविवार तपासा. जमलं, तर काळी चारला सा धरल्यावर तिचा मध्यम (म) म्हणजे काळी एक. तबला काळी एकला लावलेला असेल तर गृहस्थांसाठी तो षड्ज (सा) आणि ताईंसाठी मध्यम. हातोडी उचलायलाच नको. अडचण फक्त भूप किंवा यमनच्या अंगानं जाणाऱ्या चालींची: भूपात मध्यम नाही, यमनात तो तीव्र आहे, तिथं तबल्याचा शुद्ध मध्यम कानाला टोचेल. अशा गाण्यांना पंचम हवा, म्हणजे काळी दोन. साडेपाच इंची पुडी सहसा काळी एकवरून काळी दोनपर्यंत ताणून धरते. ती गाणी एकापाठोपाठ, शेवटी ठेवा, म्हणजे बैठकीत तबला एकदाच बदलावा लागेल. काळी चार ताईंना जड गेलीच, तर पाच इंची दुसरी पुडी घेऊन ती पांढरी चारला, म्हणजे काळी पाचच्या पंचमाला लावून ठेवा. साठ हजारांच्या सिस्टीमआधी हा खर्च कामाचा.

बासरीवाल्यांकडं काळी एकची एकच बासरी असेल तर ताईंच्या काळी चारमधल्या गाण्यांना त्यांनी बासरीच्या पंचमाला सा धरून वाजवावं. बोटं तीच राहतात, फक्त शुद्ध निषादाच्या जागी बासरीचा तीव्र मध्यम येतो. मात्र सहा भोकांच्या बासरीवर मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमाखाली उतरता येत नाही, म्हणजे या पद्धतीत सा हाच सगळ्यात खालचा स्वर होतो. ज्या गाण्याची चाल मंद्रात रेंगाळते तिथं त्यांनी वरच्या सप्तकात उत्तरं द्यावीत किंवा गप्प बसावं. गप्प बसणं हाही साथीचा भाग आहे, हे वाद्यवाल्यांना सांगणं अवघड जातं खरं. उन्हाळ्यात बासरी पेटीपेक्षा किंचित चढी बोलते, कारण हवा तापली की नळीतला स्वर चढतो. अशा वेळी बासरी ओठांकडं जराशी वळवली की स्वर खाली येतो. पेटीचा स्वर जागेवर बदलत नाही, म्हणून बाकी सगळ्यांनी पेटीशी जुळवून घ्यायचं. उलटं होऊ शकत नाही.

पेटीविषयी दोन गोष्टी. दर महिन्याला भाता पूर्ण भरा, सगळे खटके, म्हणजे हवा सोडणाऱ्या समोरच्या खुंट्या, बंद करा आणि सोडून द्या. भाता लगेच बसला तर कुठंतरी हवा गळतेय. बहुतेक वेळा कातड्याच्या घडीत किंवा उंदरानं कुरतडलेल्या कोपऱ्यात. एखादा स्वर घोगरा किंवा मुका झाला तर रीडमध्ये (स्वराच्या पितळी पट्टीत) कण अडकला असण्याची शक्यता जास्त. घरात किंवा शेजारी माग असेल तर सुताचा बारीक धुरळा हा नेहमीचा पाहुणा. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीची ओल पितळेला लागते. पातळ कागदाची पट्टी रीडच्या जिभेखालून हळूच सरकवा. तेवढ्यानं सुटला नाही तर कारागिराकडं न्या. रीड घासून स्वर दुरुस्त करायचा खटाटोप घरी करू नये. वाजवून झालं की पेटीवर जाड चादर टाका. सोलापुरात चादर शोधावी लागत नाही!

चादरीवरून आठवलं, तीच खोलीलाही लावा. पत्रा आणि सिमेंटच्या उघड्या भिंती यामुळं तुमच्या खोलीत आवाज घुमत असणार, आणि घुमला की प्रत्येक जण स्वतःला ऐकू यावं म्हणून जोरात वाजवतो. दोन लगतच्या भिंतींवर दोरी बांधून चादरी चुण्या पाडून टांगा. भिंतीला चिकटवू नका, चार-पाच बोटं अंतर ठेवा. चाटेचा कर्कशपणा आणि टाळांचा झणकारा यानं कमी होतो. डग्ग्याचा घुमारा कमी होणार नाही आणि शेजाऱ्यांकडं जाणारा आवाजही अडणार नाही. चादर तेवढं करू शकत नाही.

आता लय. "कुणामुळं पळाली" हा वाद तुम्ही आठवणीवर घालता, मोजून बघा. फोन पाच-सात फुटांवर, तबल्यापासून लांब, जमिनीवर नको तर स्टुलावर ठेवून रेकॉर्ड करा. मग गाण्याच्या सुरुवातीला पंधरा सेकंदांत किती मात्रा झाल्या ते मोजा, शेवटीही मोजा. सुरुवातीला २२ आणि शेवटी २६ भरल्या, तर ८८ची लय १०४ झाली. मग रेकॉर्डिंग ऐकत ती कुठं सरकते ती जागा शोधा. बहुतेक गटांत ती तीन ठिकाणी सापडते: तबलजी लग्गीत (ठेक्याच्या जागी येणाऱ्या जलद बोलांत) शिरतो तेव्हा, गाणारा ओळीच्या शेवटी श्वासाची जागा खातो तेव्हा, आणि पेटीवाला मोकळी जागा भरायला तान घेतो आणि ती वेळेआधी संपते तेव्हा. तिसरा आरोपी तुम्ही आहात, म्हणून रेकॉर्डिंग सगळ्यांनी मिळून ऐका.

यावर व्यायाम साधा आहे. भजनी ठेका किंवा केरवा, आठ मात्रा, सगळ्यांनी हातानं टाळी-खाली दाखवत गाणं म्हणायचं, वाद्यं बंद. मग ठेका सुरू करा, चार आवर्तनं (तालाचे फेरे) झाली की दोन आवर्तनं पूर्ण शांतता. हातही हलवायचा नाही. पुन्हा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, सगळे एकदम आले तर लय अंगात आहे. पहिल्या रविवारी पाच जण पाच ठिकाणी येतील. हसा, आणि परत करा.

गाणं अडखळतं ती जागाही सहसा एकच असते: अंतरा संपून मुखड्यावर (ध्रुवपदाच्या सुरुवातीवर) येण्याचा सांधा. तुम्ही चुकलात की पहिल्यापासून सुरू करता, म्हणून ध्रुवपद शंभर वेळा वाजतं आणि सांधा दहा वेळा. फक्त अंतऱ्याची शेवटची ओळ आणि मुखडा, एवढाच तुकडा ओळीनं दहा वेळा घ्या, आधी पाऊण लयीत. दोन तासांच्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटं वाद्यं मिळवण्याची, त्यात कुणीही तुकडे वाजवायचे नाहीत, नाहीतर तबलजीला स्वर ऐकू येत नाही. मग तानपुऱ्याचं ॲप लावून दहा मिनिटं सगळ्यांनी एकत्र संथ सरगम. पुढचा तास दोनच गाण्यांच्या सांध्यांना. उरलेल्या वेळात तीन-चार गाणी न थांबता, चुकलं तरी पुढं जात. न थांबता पुढं जाणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. मांडवात "थांबा, परत घेऊ" म्हणता येत नाही. चहा आणि भाकरी-चटणी सगळं झाल्यावर. शेंगाचटणी खाऊन लगेच गायला बसलं की घसा काय म्हणतो ते ताईंना विचारा.

परीक्षांचं मत मांडणाऱ्या मित्राला विरोध करू नका, पण त्यांची गल्लत लक्षात घ्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि प्रारंभिक, प्रवेशिकेपासून विशारदपर्यंतचा अभ्यासक्रम माणसाला शिस्त लावतो. ज्याला स्वतःसाठी हवं त्यानं जरूर बसावं. मात्र ती एकट्याची तयारी आहे. पाच विशारद एकत्र आले तरी मुखड्यावर पाच ठिकाणी येऊ शकतात.

साउंड सिस्टीम घेऊ नका. वर्षातून दोन-तीनदा लागणाऱ्या वस्तूसाठी भिशी उचलली तर हप्ते गटातल्या मैत्रीला लागतात, आणि तिघांनी गट सोडला तर स्पीकर कुणाच्या घरी, यावर भांडण ठरलेलं. कार्यक्रमापुरती भाड्यानं आणा. मंडळाचीच यंत्रणा असेल तर उत्तम, फक्त आधी दोन गोष्टी विचारा: माइक किती आणि कार्यक्रम किती वाजता. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद असतो. उत्सवातल्या ठरावीक दिवशी १२पर्यंत सवलत मिळते, पण ती कुठल्या दिवशी हे मंडळाला माहीत असतं, तुम्हाला नाही. साडेनऊला सुरू होणारा तासाभराचा कार्यक्रम तुम्हाला अर्ध्यावर गुंडाळावा लागू नये.

तासाला आठ-दहा गाणी लागतात असं तुम्ही गृहीत धरलंय, म्हणून घाबरला आहात. सात पुरतात. सरासरी सहा मिनिटं धरली तर बेचाळीस मिनिटं; निवेदन, एकदा तबला बदलणं आणि उशिरा सुरू होणं यात उरलेली जातात. चार तुमची तयार आहेत, म्हणजे तीनच बसवायची. वर सांगितलेल्या पद्धतीनं एका गाण्याला दोन रविवार धरा, आणि महिन्यातला एक रविवार पूर्ण सुट्टी, घराचा. ती सुट्टी आजच कॅलेंडरवर लिहून टाका आणि वहिनींना दाखवा. तीन गाण्यांना असे दोन-अडीच महिने लागतील. गणपतीला त्याहून कमी उरले असतील तर सात नाही, सहा करा आणि मंडळाला पाऊण तास सांगा. त्यांना आनंदच होईल, पुढं आरती असते.

नाद सोडावा का, या प्रश्नाचं उत्तर आत्ता देऊ नका. तीन वर्षं ज्या पद्धतीनं केलंत ती सोडा, कार्यक्रम होऊ द्या आणि मग पाचही जणांना वेगवेगळं विचारा. कदाचित कळेल की दोघांना कार्यक्रम करायचेच नाहीत, त्यांना रविवारी फक्त चार माणसांत गायचं आहे. तसं असेल तर पुढच्या वर्षी मंडळाला नम्रपणे नाही म्हणता येईल आणि बैठक महिन्यातून दोनदा ठेवता येईल.

कार्यक्रमाच्या दिवशी एकच गोष्ट उन्हाळ्याच्या उलट होईल. भाद्रपदात हवा ओली असते, मांडवात ती आणखी ओली, त्यामुळं घरून लावून नेलेला तबला तिथं उतरलेला सापडेल. पाऊण तास आधी पोचा, खोळ काढून तबला मांडवाच्या हवेत तसाच ठेवा, वीस मिनिटांनी लावा. पोचल्या पोचल्या लावलात तर पहिल्या गाण्यातच परत उतरेल. माइक तपासताना तबल्यापासून सुरुवात करू देऊ नका. आधी गाणाऱ्यांचे आवाज, मग बासरी, मग पेटी, शेवटी तबला. ऐकणारे पन्नास-साठच असतील तर तबल्याला एकच माइक पुरतो, तबला आणि डग्गा यांच्या मध्ये, वीतभर वर. स्पीकर गाणाऱ्यांच्या मागं नकोत, पुढं हवेत, नाहीतर शिट्टी वाजत राहील. आणि हातोडी पिशवीत टाकली का ते निघताना दोनदा बघा. मांडवात ऐनवेळी मागितली तर खिळे ठोकायची मिळते.